रानातील ओसरी

प्रवास म्हटला की आपण वाटेचा विचार करतो, पोचावयाच्या ठिकाणाचा करतो. मधल्या मुक्कामाचा मात्र सहसा करीत नाही. तो आपला रात्र काढण्यापुरता, असे आपण धरून चालतो. पण पुष्कळदा असे होते की, जे पाहावयास म्हणून गेलो ते काही वर्षांनी पुसट होते आणि जेथे केवळ पाठ टेकली ती जागा मनात राहते. सह्याद्रीत हिंडणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा. राजगडाच्या माच्या आणि बालेकिल्ला यांचे वर्णन तो करीलच. परंतु पद्मावतीच्या देवळात थंडीने कुडकुडत काढलेल्या रात्रीची गोष्ट निघाली की त्याच्या आवाजात निराळाच जिव्हाळा येतो. हरिश्चंद्रगडावरील लेण्यांत निजलेल्याचेही तसेच. रानातील आसरा ही वस्तू मोठी विलक्षण आहे. तेथे सुख म्हणावे असे फारसे काही नसते आणि तरीही जे मिळते त्याचे मोल घरच्या गादीवर कधी कळत नाही.

मी राहतो त्या रायपूरच्या आसपास गड नाहीत. छत्तीसगडचे हे मैदान म्हणजे भाताचे आगर. पावसाळ्यात पाहावे तो क्षितिजापर्यंत हिरवी खाचरे आणि खाचरांच्या बांधावर बाभळी. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर आले आणि पुढे बिंबाजी भोसले तेथे राज्य करू लागले, तेव्हापासून या प्रांतात मराठी बोल ऐकू येतो. आम्ही इकडे स्थायिक झालेली मंडळी घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलतो, आणि तिन्ही आम्हांला आपल्याच वाटतात. डोंगर पाहावासा वाटला की आम्ही पूर्वेकडे जातो. महानदी ओलांडली की जमीन हळूहळू उंचावू लागते आणि थोड्याच वेळात बारनवापाऱ्याचे जंगल लागते.

बार आणि नवापारा या दोन वनग्रामांची नावे जोडून या अभयारण्याचे नाव पडले. १९७६ साली ते स्थापन झाले. क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर. साग, बांबू, तेंदू, मोह, चारोळी आणि साजा ही येथली झाडे. साजा म्हणजे आपला ऐन. गोंड लोक या झाडात बडा देवाचा वास मानतात. चितळ, सांबर, गवा, बिबळ्या, रानकुत्री यांची येथे वस्ती आहे, आणि अस्वले तर पुष्कळच. उत्तरेच्या अंगाला तुरतुरिया नावाचे स्थान आहे. डोंगरातून आलेला झरा तेथे गोमुखातून बाहेर पडतो, आणि पाण्याच्या तुरतुर आवाजावरून त्या जागेला हे नाव मिळाले असे सांगतात. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता अशी लोकांची श्रद्धा असून पौष पौर्णिमेला तेथे जत्रा भरते.

२००९ सालच्या जानेवारीत, पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आम्ही त्या जत्रेसाठी निघालो. मी, माझे एक शेजारी, ज्यांना सारी वस्ती गुरुजी म्हणून ओळखते, आणि जीपचा चालक, असे तिघे. बेत असा की सकाळी सिरपूर पाहावे, रात्री रानातील एका जुन्या वनविश्रामगृहात मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी तुरतुरियाला जावे. विश्रामगृहाची खोली मिळावी म्हणून गुरुजींनी आधीच रीतसर अर्ज केला होता आणि होकारही तोंडी मिळाला होता.

सिरपूरला आमचा अंदाजापेक्षा अधिक वेळ गेला. तेथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील. महाशिवगुप्त बालार्जुन या राजाची माता वासटा हिने ते बांधविले. विटांचे देऊळ, आणि विटेवरील कोरीव काम असे की दगडालाही सहज साधू नये. त्याच शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग दक्षिण कोसलात येऊन गेला. त्या देवळाच्या सावलीत बसले असता गुरुजी म्हणाले, “हा माणूस एवढ्या लांबून चालत आला. रोज रात्री कोठे निजत असेल हो?” प्रश्न साधाच होता, पण तो दिवसभर माझ्या मनात राहिला. विहार होते, धर्मशाळा होत्या, हे खरे. अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचे, विहिरी खणल्याचे आणि विसाव्याच्या जागा बांधल्याचे सांगितले आहे. आपल्याकडे अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा उभारल्या. वाटसरूला रात्रीपुरते छप्पर देणे हे या देशात राजाचे कर्तव्य आणि गृहस्थाचे पुण्य मानले गेले आहे.

वनविश्रामगृहाची कुळी मात्र निराळी. इंग्रजी अमदानीत वनखाते स्थापन झाले तेव्हा फिरतीवरील साहेबाला एका दिवसाच्या मजलेवर मुक्काम करता यावा म्हणून रानात ठिकठिकाणी हे बंगले बांधले गेले. जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, भोवती रुंद ओसरी, मागे चौकीदाराची खोली आणि स्वयंपाकघर. धर्मशाळेचे दार वाटसरूपणावर उघडते. विश्रामगृहाचे दार परवान्यावर उघडते. हा भेद पुस्तकात वाचून मला ठाऊक होता. त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

पटेव्यावरून उत्तरेकडे वळून आम्ही रानात शिरलो तेव्हा ऊन कलले होते. काही मैल गेल्यावर एका नाल्याच्या चढावर जीपने जी मान टाकली ती काही केल्या उचलेना. जवळच वनखात्याचा नाका होता. चालक गाडीपाशीच राहिला, आणि नाक्यावरील एक तरुण वनरक्षक आम्हांला मुक्कामापर्यंत पोचवावयास निघाला. अंतर तासाभराच्या चालीचे. सूर्य मावळला होता, पण पूर्वेला चंद्र चांगला वर आला होता, आणि सागाची मोठाली पाने त्या प्रकाशात ताटांसारखी चमकत होती. वनरक्षकाने आरंभीच बजावले, “बोलत चला, साहेब. अस्वलाला माणूस अचानक सामोरा आलेला आवडत नाही. आपला आवाज लांबून कानी पडला म्हणजे ते आपण होऊन बाजूला होते.” हे ऐकताच गुरुजींनी खड्या आवाजात रामरक्षा सुरू केली. ती संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या रात्री त्या वाटेवर अस्वल आले नाही, याचे श्रेय ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे कोणालाही द्यावे.

विश्रामगृहाशी पोचलो. कंदील घेऊन चौकीदार बाहेर आला. साठीच्या उंबरठ्यावरचा, उंच, सडसडीत, अंगात खाकी सदरा आणि खांद्यावर घोंगडी. जोहार करून त्याने पहिला प्रश्न विचारला, “कागद?”

कागद आमच्याजवळ नव्हता. तो परस्पर येथे पोचला असेल अशी आमची समजूत. आणि त्याच्याकडे तर कसलाही कागद आला नव्हता. गुरुजींनी सारी हकीगत सांगितली. अर्जाची तारीख सांगितली, होकार देणाऱ्याचा हुद्दा सांगितला, शेवटी आवाजही थोडा चढविला. चौकीदार शांतपणे ऐकत होता. मग तो म्हणाला, “बाबूजी, खोली सरकारची आहे. कागदावाचून ती मला उघडता येत नाही. उद्या कोणी विचारले तर मी काय सांगू?” आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, “ओसरीही सरकारचीच आहे. पण तिला दार नाही.”

एवढे बोलून तो आत गेला आणि भाताच्या पेंढ्याचा मोठा भारा घेऊन आला. ओसरीच्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा बाजूला, त्याने तो जाड अंथरला, वर दोन घोंगड्या टाकल्या, समोर अंगणात लाकडे रचून शेकोटी पेटविली. वनरक्षक नाक्यावर परतला. आम्ही पाय धुऊन येईतो चुलीवर काहीतरी शिजत असल्याचा वास येऊ लागला होता. तांदळाच्या पिठाचा जाड उंडा पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजतात, त्याला इकडे अंगाकर म्हणतात. पहिला घास घेताच गुरुजी उद्गारले, “अहो, ही तर आमची पानगी!” त्यांचे आजोळ कोकणातले. सोबत पताल, म्हणजे टोमॅटो, भाजून केलेली चटणी. एवढेच जेवण. पण दिवसभराच्या श्रमानंतर रानातील थंडीत, शेकोटीशी बसून खाल्लेले ते अन्न मी विसरलेलो नाही. पुढे माझ्या ध्यानात आले की त्याने आमच्यासाठी निराळे काही रांधले नव्हते. त्याचेच रात्रीचे जेवण त्याने तिघांत वाटले होते.

हा चौकीदार जातीचा बिंझवार. या रानाच्या उत्तरेला सोनाखान आहे. तेथील बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य उपाशी लोकांत वाटले. सरकारने त्यांना रायपूरच्या तुरुंगात टाकले. ते निसटले, लढले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना फाशी देण्यात आली. मी हे नाव काढताच चौकीदाराने नुसते हात जोडले. तो त्यावर काही बोलला नाही.

रात्र चढत गेली. रानातील रात्र शांत असते असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. ती बोलकी असते. मात्र ती आपल्याशी बोलत नसते, एवढेच. वाळलेल्या सागपानावर दव पडते त्याचाही टपटप आवाज होतो. रातवा एका लयीत ओरडत असतो. मध्येच खोल दरीतून चितळाची धोक्याची हाक आली आणि चौकीदाराने मान वर केली. पुन्हा एक हाक, थोडी अलीकडे. “बिबळ्या नाल्याने खाली चालला आहे,” तो म्हणाला. दिसत काहीच नव्हते. पण कानांनी तो सारा प्रदेश वाचीत होता. आमच्या दृष्टीने जे रान होते ते त्याच्या दृष्टीने गाव होते, आणि कोण कोठून कोठे चालले आहे हे गावातल्या माणसाला कळावे तसे त्याला कळत होते.

बोलता बोलता त्याने आपली हकीगत सांगितली. लाकूडतोड, वणवा आवरणे, रस्ते राखणे अशा कामांसाठी माणसे हाताशी असावीत म्हणून वनखात्याने पूर्वी रानात वनग्रामे वसविली. त्याचे आजोबा अशाच एका गावात आले. या बंगल्याच्या विटा त्यांनी वाहिल्या होत्या. बाप जाळरेषा साफ करण्याच्या कामावर होता. तो स्वतः येथे चौकीदार. तीन पिढ्यांनी हे रान राखले. आणि आता त्याचे गाव उठावयाचे अशी बोलणी चालू होती. अभयारण्यातील काही गावे बाहेर न्यावयाची, म्हणजे जनावरांना मोकळीक मिळेल, असा विचार होता.

“तुम्हांला काय वाटते?” मी विचारले.

तो शेकोटीतील लाकूड सरकवीत म्हणाला, “बाहेर वीज आहे, दवाखाना जवळ आहे. माझी सून दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात जायची राहिली. बैलगाडीतून नेली तिला. म्हणून मुलगा म्हणतो, जाऊ. मी नाही म्हणत नाही.” पुष्कळ वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “झाडे राहतील, जनावरे राहतील. तुम्ही लोकही बघावयाला येत राहाल. पण बाबूजी, असा रात्री कोणी पहुना आला, कागद नसलेला, तर त्याचे कोण करील?”

पहुना. आपला पाहुणाच तो. त्या शब्दाने मला एकदम ओशाळल्यासारखे झाले. आम्ही रान पाहावयास आलो होतो. रानातील झाडे, जनावरे, चांदणे हे सारे आमच्या हिशेबात होते. ते रान आजवर कोणी राखले आणि आपल्याला येथे निर्धास्त निजता येते ते कोणाच्या जिवावर, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. घर त्याचे, आणि ते सोडावयाची पाळीही त्याची. आणि तरी चिंता वाहत होता तो पाहुण्याची.

पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने जाग आली. पेंढ्यावर निजलेल्या माणसाला इतकी गाढ झोप लागते हे मला ठाऊक नव्हते. ओसरीपुढे धुके दाटले होते, आणि त्या धुक्यातून मुलांचा गलका ऐकू येऊ लागला. हातात टोपल्या, खांद्याला पिशव्या. तो दिवस छेरछेऱ्याचा. पौष पौर्णिमेला, खळे आटोपून धान घरात आले की, छत्तीसगडात मुले घरोघर जाऊन धान मागतात आणि त्या दिवशी कोणीही कोणाला रिकाम्या हाती परत पाठवीत नाही. संक्रांतीला आपल्याकडे तिळगूळ, तसे इकडे हे मूठभर धान.

मुले ओसरीसमोर येऊन उभी राहिली. ती आमच्याकडे पाहत होती. कारण ओसरीवर आम्ही होतो. आमच्या पिशव्यांत बिस्किटाचा एक पुडा आणि संत्री होती, धान कोठून असणार? गुरुजी खिसे चाचपू लागले. तेवढ्यात चौकीदार आतून सूप भरून धान घेऊन आला आणि ते त्याने गुरुजींच्या हातात दिले. म्हणाला, “आज ओसरी तुमची आहे. द्या तुम्ही.” गुरुजी एकेका मुलाच्या टोपलीत ओंजळ ओंजळ धान घालू लागले. चाळीस वर्षे शाळेत मुलांना शिकविलेला तो माणूस. पण त्या वेळी त्यांचे हात थरथरत होते आणि ते तोंड फिरवून उभे होते, हे मी पाहिले.

निघताना आम्ही पैसे पुढे केले. त्याने शेकोटीच्या लाकडांचे तेवढे घेतले, कारण लाकूड सरकारी होते आणि त्याचा हिशेब द्यावयाचा होता. जेवणाचे घेतले नाहीत. विश्रामगृहात एक वही असते. येणारे लोक तीत आपले नाव आणि अभिप्राय लिहून जातात. गुरुजींनी ती मागितली. तो हसून म्हणाला, “खोलीत राहिलेल्यांची वही आहे ती. तुम्ही तर येथे राहिलाच नाहीत.” कागदाचा तो शेवटपर्यंत पक्का राहिला.

श्रोतेहो, या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. २०१०च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अभयारण्यातील रामपूर, लाटादादर आणि नवापारा ही गावे बाहेर नेऊन वसविण्यात आली. ज्या नवापाऱ्याचे नाव या अरण्याने धारण केले आहे, तेच गाव आज अरण्यात नाही. उलट, एके काळी येथून नाहीसे झालेले काळवीट पुन्हा आणून सोडण्यात आले, आणि २०२० साली आसामातील मानसहून रानम्हशीही आणल्या गेल्या. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यपशू. ही दोन्ही कामे आवश्यक होती असे जाणकार सांगतात. रानाला अवकाश हवा, जनावरांना कुरणे हवीत, हे मलाही पटते. आजारी बाईला बैलगाडीतून न्यावे लागू नये, हे तर त्याहूनही पटते. या व्यवहारात जमा कोणती आणि खर्च कोणता हे एका वाक्यात सांगण्याची माझी पात्रता नाही. माझे म्हणणे एवढेच की, रानात सुखाने रात्र काढून येणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान खर्चाची बाजू विसरू नये.

कारण आज तेथे जाणे सोपे झाले आहे. पावसाळा संपून नोव्हेंबरात अभयारण्य उघडले की रायपूरहून गाड्यांची रांग लागते. टुमदार कुटीरे आहेत, खोली घरबसल्या राखून ठेवता येते आणि कागद वाटेत रेंगाळत नाही. ही सोय चांगलीच आहे. परंतु पैसे देऊन घेतलेल्या खोलीत आपण गिऱ्हाईक असतो. ओसरीवर पाहुणे असतो. गिऱ्हाइकाचा हिशेब सकाळी चुकता होतो. पाहुण्याचा हिशेब चुकता होत नाही. तो मनात राहतो आणि माणसाला थोडे नम्र करतो. रानात जाऊन मिळवावयाचे ते हेच असेल तर ते खोलीत राहूनही मिळू शकते. मात्र दिवा कोणी लावला, पाणी कोणी भरून ठेवले, या वाटेवर पूर्वी कोणाची घरे होती, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते.

काही वर्षांनी, पुन्हा एका छेरछेऱ्याच्या दिवशी, मी आणि गुरुजी त्या नव्या वस्तीत गेलो. सरळ रांगेत बांधलेली सारखी घरे, विजेचे खांब, अजून लहान असलेली झाडे. चौकीदार आता निवृत्त झाला होता. नजर मंदावली होती, तरी गुरुजींचा आवाज ऐकताच त्याने ओळखले. त्याच्या घरासमोर मुले टोपल्या घेऊन उभी होती आणि त्याची सून त्यांना धान घालीत होती. घराला लहानशी ओसरी होती. मूळच्या आराखड्यात ती नसावी. पुढे बांबू रोवून आणि छप्पर ओढून त्याने ती स्वतः काढून घेतलेली दिसत होती. आम्ही टेकलो न टेकलो तोच त्याने विचारले, “रात्री राहणार ना?”

त्या जुन्या विश्रामगृहाच्या वहीत आमची नोंद नाही. ती राहून गेली होती. आज आपल्यासमोर हे चार शब्द बोलून मी ती केली, असे समजावे.